पाणी वाहतं तेवढंच पोट भरतं: लाल समुद्री शेवाळाचं पोषण आणि वाढ कशी मोजायची

कप्पाफायकस या लाल समुद्री शेवाळाला मुळं नसतात. दोरीला बांधलेला तुकडा दोरीतून, बांबूतून किंवा तळाच्या चिखलातून काहीही घेत नाही. नायट्रोजन, फॉस्फरस, कार्बन, जे काही लागतं ते अंगाला घासून जाणाऱ्या पाण्यातून सगळ्या पृष्ठभागावाटे आत जातं. जमिनीवरच्या शेतीतून आलेला माणूस इथेच पहिल्यांदा चकतो. रानात खत टाकलं की ते मुळापाशी राहतं, समुद्रात ते थांबत नाही. त्यामुळे या पिकाला किती खायला मिळेल हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: पाण्यात पोषण किती आहे आणि ते पाणी किती वेगाने बदलतंय. पहिली गोष्ट आपल्या हातात जवळजवळ नसते. दुसरी बरीचशी असते.

खालचे आकडे कप्पाफायकस अल्वारेझी या जातीचे आणि तमिळनाडूत मंडपम-रामेश्वरमच्या पट्ट्यात रूढ असलेल्या बांबूच्या तराफ्याचे आहेत. आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत वापरला जाणारा, घट्टपणा आणणारा कप्पा-कॅराजीनन या शेवाळातून निघतो. हे मूळचं फिलिपिन्सकडचं पीक. शेवाळतज्ज्ञ मॅक्सवेल डॉटी यांच्या कामातून १९७०च्या दशकात तिथे त्याची शेती उभी राहिली आणि जातीला व्हिसेंट अल्वारेझ यांचं नाव मिळालं. भारतात ते १९८४मध्ये भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने आणलं. कोकणात काय बदलतं ते शेवटी.

आधी एका तराफ्याचा हिशोब

तराफा ३ मीटर बाय ३ मीटर. त्यावर २० दोऱ्या, प्रत्येक दोरीला २० तुकडे, म्हणजे दोन तुकड्यांत आणि दोन दोऱ्यांत साधारण १५ सेंटिमीटरचं अंतर. तुकडा १५० ग्रॅमचा. एकूण ४०० तुकडे, ६० किलो बियाणं. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी चांगल्या जागी २४० ते २६० किलो ओला माल निघतो.

आता या वाढीला किती नायट्रोजन लागला ते काढू. २६०तून ६० वजा केले की २०० किलो नवीन वाढ. ओल्या मालाचा साधारण दहावा हिस्सा कोरडा धरला तर २० किलो कोरडं वजन. त्यात नायट्रोजन १.२ टक्के धरला तर २४० ग्रॅम. एवढासा आकडा बघून वाटतं, यात काय अवघड आहे? पण उष्ण समुद्राच्या वरच्या थरात नायट्रेट आणि अमोनियम मिळून लिटरला दोनेक मायक्रोमोलच असणं नेहमीचं आहे. एक मायक्रोमोल नायट्रोजन म्हणजे १४ मायक्रोग्रॅम. म्हणजे एक घनमीटर, हजार लिटर पाण्यात, फक्त २८ मिलीग्रॅम. २४० ग्रॅम गोळा करायला साडेआठ हजार घनमीटर पाणी पूर्णपणे निथळून काढावं लागेल. पंचेचाळीस दिवसांत वाटलं तर रोज १९०.

तराफ्याची रुंदी ३ मीटर, आणि शेवाळाचा थर ३० सेंटिमीटर जाड. पाण्याला सेकंदाला १० सेंटिमीटरची ओढ असेल तर त्या चौकटीतून दिवसाला सुमारे ७,८०० घनमीटर पाणी जातं. त्यातला अडीच टक्के नायट्रोजन उचलला तरी पीक पोसतं. तेच पाणी सेकंदाला अर्धा सेंटिमीटर एवढंच सरकत असेल तर दिवसाला ३९० घनमीटर मिळतं, आणि शेवाळाला त्यातला निम्मा नायट्रोजन ओरबाडावा लागतो. हे झालं सरासरीचं. शेवटच्या आठवड्यात तराफ्यावर सुरुवातीच्या चौपट वजन असतं, म्हणून रोजची भूकही चौपट: पहिल्या दिवशी सुमारे २.४ ग्रॅम नायट्रोजन, शेवटच्या दिवशी दहाच्या वर. संथ पाण्यात तेव्हा येणारा जवळजवळ सगळा नायट्रोजन लागेल, आणि तो तसा कधीच मिळत नाही. पहिले तीन आठवडे जोमाने वाढलेला तराफा चौथ्या आठवड्यानंतर अडला तर रोग शोधण्याआधी हा हिशोब मांडा.

संथ पाण्याचा दुसरा तोटा डोळ्यांना दिसत नाही. शेवाळाच्या अंगाला चिकटून पाण्याचा एक पातळ, न हलणारा थर असतो. त्यातला नायट्रोजन संपला की बाहेरचा आत झिरपत येईपर्यंत शेवाळ उपाशी. पाणी जोरात वाहिलं की हा थर पातळ होतो. कार्बनचंही तेच: दाट लागवडीत, भर दुपारी, थांबलेल्या पाण्यात शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाण्याचा सामू (pH) वर चढतो आणि प्रकाश असूनही वाढ खुंटते. कप्पाफायकससाठी सेकंदाला २० ते ४० सेंटिमीटरची ओढ उत्तम मानली जाते. त्याहून फार जास्त असेल तर फांद्या तुटतात.

ओढ मोजायची स्वस्त पद्धत

करंट मीटर लागत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसची वडी पाण्यात हळूहळू विरघळते, आणि पाणी जितकं हलतं तितकी लवकर विरघळते. डॉटी यांनीच ही पद्धत वापरात आणली.

बर्फाच्या ट्रेमध्ये एकाच वेळी, एकाच पाकिटातल्या प्लास्टरच्या पंधरा-वीस वड्या ओता. ओतताना प्रत्येकीत नायलॉनच्या दोरीचा तुकडा रोवा. सावलीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवा; भट्टीत किंवा गॅसवर वाळवू नका, जास्त उष्णतेने प्लास्टरमधलं बांधलेलं पाणी उडतं आणि वजन खोटं येतं. प्रत्येकीवर खूण करा, ०.१ ग्रॅमपर्यंत वजन करा. तराफ्याच्या चार कोपऱ्यांना एकेक, मध्यभागी दोन, आणि तराफ्याच्या बाहेर मोकळ्या पाण्यात दोन बांधा, सगळ्या शेवाळाच्याच खोलीवर. दोन वड्या किनाऱ्यावर त्याच समुद्राच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात, न हलवता, लटकवा. टब सावलीत ठेवा, म्हणजे पाणी समुद्राएवढंच गरम राहील. चोवीस तासांनी सगळ्या काढा, पुन्हा तशाच वाळवा, वजन करा.

समुद्रातल्या वडीची घट भागिले टबातल्या वडीची घट. हा आकडा स्वतःपुरता फारसा बोलत नाही, तुलना बोलते. मोकळ्या पाण्यात ८ आणि तराफ्याच्या मध्यभागी ३ आला तर मधल्या दोऱ्या उपाशी आहेत, बाहेर पाणी कितीही चांगलं असो. ही मोजणी उधाणाला एकदा आणि भांगाला एकदा करा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात सगळ्या जागा छान दिसतात. जागेचा खरा कस अष्टमीच्या भांगाला लागतो.

आकडा वाईट आला तर काय करता येतं? तराफ्यांची रांग ओढीला आडवी लावा, एकामागे एक नको. पहिला तराफा पोषणही खातो आणि वेगही मारतो, मागच्याला उष्टं मिळतं. दहा तराफे एकत्र बांधायची पद्धत आहे, नांगर वाचतात. तेवढंच करायचं असेल तर दोन गटांमध्ये मोकळी जागा सोडा. दोऱ्या २० ऐवजी १५ लावून बघा: बियाणं चतुर्थांशाने कमी लागतं, आणि संथ जागी काढणी त्या मानाने कमी होत नाही. तराफ्याच्या खाली बांधलेलं जाळं मासे अडवतं आणि तुटलेले तुकडे झेलतं, पण त्यावर चिखल आणि भलतं शेवाळ धरलं की पाणीही अडतं. दर आठवड्याला घासा.

अमोनियम, नायट्रेट आणि बादलीचा प्रयोग

लाल शेवाळ नायट्रोजन दोन मुख्य रूपांत घेतं. अमोनियम हा तयार घास. नायट्रेट आत घेतल्यावर आधी त्याचं नायट्राइट आणि मग अमोनियम करावं लागतं, त्याला ऊर्जा खर्च होते. म्हणून दोन्ही समोर असले की अमोनियम आधी उचललं जातं, आणि अमोनियम भरपूर असेल तर नायट्रेटचं शोषण मंदावतं. अमोनियम अंधारातही आत जातं, फक्त आदल्या दिवशीच्या प्रकाशात साठलेली साखर शिल्लक हवी.

शोषणाचा वेग पाण्यातल्या प्रमाणाबरोबर वाढतो, पण सरळ रेषेत नाही. सुरुवातीला झपाट्याने, मग हळू, मग एका कमाल वेगाला येऊन थांबतो. ते टोक गाठल्यावर पाण्यात आणखी अमोनियम ओतून शेवाळ जास्त खात नाही. एक अपवाद आहे: उपाशी शेवाळाला अचानक अमोनियम मिळालं की पहिली पंधरा मिनिटं ते तासभर ते हावरटासारखं ओढतं, नंतर वेग खाली येतो. पहिल्या दहा मिनिटांचा आकडा घेऊन दिवसभराचा हिशोब केला की उत्तर फुगतं. ही चूक शिकलेली माणसंही करतात.

आपल्या शेवाळाची भूक बादलीत मोजता येते:

१. २० लिटरच्या दोन बादल्यांत बारीक कापडातून गाळलेलं समुद्राचं पाणी भरा. दोन्हींत मत्स्यालयाचा हवेचा पंप सोडा, पाणी हलतं राहिलं पाहिजे.

२. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात १.३२ ग्रॅम अमोनियम सल्फेट विरघळवा. हे मूळ द्रावण. त्यातलं २० मिलीलिटर प्रत्येक बादलीत टाकलं की लिटरला २० मायक्रोमोल अमोनियम वाढतं.

३. एका बादलीत २०० ग्रॅम स्वच्छ केलेलं शेवाळ टाका. तुकडे आदल्या दिवशी कापलेले असावेत, ताज्या जखमेतून रस पाझरतो आणि मोजणी बिघडते. दुसरी बादली शेवाळाविना, रिकामीच ठेवा. अमोनियम हवेत उडून किंवा जिवाणूंमुळे किती कमी होतं ते ती सांगते.

४. सुरुवातीला, मग १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी दोन्ही बादल्यांतून १०० मिलीलिटर नमुना गाळून प्लास्टिकच्या बाटलीत घ्या. बाटली काठोकाठ न भरता लगेच बर्फात आणि नंतर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. तपासणी मत्स्य महाविद्यालयाच्या किंवा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. मागताना समुद्राच्या पाण्यासाठीची, मायक्रोमोल पातळीची पद्धत मागा.

मत्स्यालयाच्या दुकानातली नायट्रेटची पट्टी यासाठी निरुपयोगी आहे. त्यातल्या अनेकींचा पहिला रंग लिटरला ५ मिलीग्रॅम नायट्रेटचा, म्हणजे ८० मायक्रोमोलचा असतो. दोन मायक्रोमोलच्या समुद्रात ती कायम शून्यच दाखवणार.

समजा ३० ते ९० मिनिटांच्या टप्प्यात शेवाळाच्या बादलीत लिटरमागे ६ मायक्रोमोल कमी झाले आणि रिकाम्या बादलीत अर्धा. फरक साडेपाच. गुणिले २० लिटर, ११० मायक्रोमोल. २०० ग्रॅम ओलं म्हणजे सुमारे २० ग्रॅम कोरडं. म्हणजे कोरड्या ग्रॅममागे तासाला ५.५ मायक्रोमोल. (वेळेचे नमुने तसे जुळवून घ्या.) आता गरज बघा: दिवसाला ३.३ टक्के वाढ आणि १.२ टक्के नायट्रोजन धरला तर कोरड्या ग्रॅममागे दिवसाला ०.४ मिलीग्रॅम, म्हणजे २८ मायक्रोमोल लागतात. पाच तासांत पोट भरतं. याचा अर्थ शेवाळाची खाण्याची क्षमता गरजेच्या कितीतरी पट आहे. अडचण तोंडात नाही, ताटात आहे. फॉस्फरसची गरज याच्या मानाने किरकोळ असते. मोठ्या समुद्री शेवाळांच्या अंगात साधारण ३० नायट्रोजनमागे १ फॉस्फरस सापडतो.

रंगावरून भूक ओळखणं

लाल शेवाळाचा रंग फायकोएरिथ्रिनमुळे येतो, आणि फायकोएरिथ्रिन हे प्रथिन आहे, म्हणजे त्यात नायट्रोजन आहे. शेवाळ त्याचा कोठारासारखा उपयोग करतं: सुकाळात भरतं, दुष्काळात मोडून खातं. म्हणून उपाशी शेवाळ फिकट, गवती पिवळं दिसतं. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न बघता शेतावर वाचता येणारी ही एकच खूण आहे, पण तिच्यात तीन गफलती होतात.

पहिली, वाणाची. कप्पाफायकसचे हिरवे, तपकिरी आणि लालसर वाण आहेत. हिरव्याची तुलना तपकिरीशी करून उपयोग नाही. प्रत्येक वाणाचा चांगला, गडद तुकडा ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी पांढऱ्या ताटलीत, सावलीत ठेवून फोटो काढा आणि पुढे त्याच्याशीच ताडून बघा.

दुसरी, उन्हाची. तराफा पृष्ठभागाला टेकलेला असेल तर वरची बाजू उन्हाने उडते, खालची गडद राहते. भुकेने आलेला फिकटपणा चहूबाजूंनी सारखा असतो. उन्हाचा असेल तर तराफा ३० ते ५० सेंटिमीटर खाली उतरवा.

तिसरी, रोगाची. फिकट पण कडक आणि कापल्यावर करकरीत तुकडा उपाशी आहे. पांढरा आणि मऊ, बोटात दाबला की पिचणारा तुकडा आजारी आहे. त्याबद्दल पुढे.

शंका राहिलीच तर दहा फिकट तुकडे संध्याकाळी सहा तास वरच्या २० मायक्रोमोलच्या पाण्यात ठेवा, दर तासाला पाणी आणि द्रावण नवीन घ्या, आणि खूण करून त्याच दोरीवर परत बांधा. असं तीन-चार संध्याकाळी केल्यावर आठवडाभरात शेजाऱ्यांपेक्षा गडद झाले तर भूकच होती.

वाढ मोजताना

रोजचा वाढीचा दर असा काढा: शेवटचं वजन भागिले सुरुवातीचं वजन, त्या भागाकाराचं, जितके दिवस तितकं मूळ, त्यातून १ वजा, गुणिले १००. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर घातांकाच्या जागी १ भागिले दिवस टाकलं की झालं. १५०चे ४५ दिवसांत ६०० झाले तर ३.१ टक्के. साधा भागाकार करून ३०० टक्के भागिले ४५ म्हणजे ६.७ टक्के असं सांगणारे भेटतात. त्यांच्या आकड्याशी आपला आकडा ताडू नका.

वजन करण्याआधी तुकडा झटकून बरोबर एक मिनिट जाळीवर निथळू द्या. दर वेळी तेवढंच. थेंब गळत असताना केलेल्या वजनात सहज दहा टक्के पाणी येतं, आणि आठवड्याची वाढच वीस-पंचवीस टक्के असते. प्रत्येक तराफ्यावर दहा तुकड्यांना रंगीत दोरा बांधा: चार कडेचे, सहा मधले. तुटून गेलेला तुकडा यादीतून गाळायचा की शून्य धरायचा हे आधी ठरवा. वाढीचा दर हवा असेल तर गाळा, उत्पन्न हवं असेल तर शून्य. दोन्ही एकाच रकान्यात लिहिलं की वहीचा उपयोग संपला. शेजारी रोज सकाळचं तापमान, रिफ्रॅक्टोमीटरवरची क्षारता आणि पाणी गढूळ होतं का एवढं लिहा.

खत देण्याचा मोह

बियाणं युरिया किंवा अमोनियम सल्फेटच्या पाण्यात बुडवून लावलं तर? हिशोब करू. ५०० लिटरची टाकी, लिटरला १०० मायक्रोमोल अमोनियम. टाकीत एकूण नायट्रोजन ०.७ ग्रॅम. ६० किलो बियाण्याची पहिल्या दिवसाची गरज २.४ ग्रॅम. सगळा नायट्रोजन शोषला गेला तरी सात तासांची शिदोरी झाली. मात्रा दहापट केली तर वाढलेल्या सामूत अमोनियमचा अमोनिया होतो आणि फांद्यांची टोकं जळतात. म्हणजे तराफ्याच्या शेतीत एकदाच बुडवणं हे मनाचं समाधान आहे. उघड्या समुद्रात खताची पिशवी टांगणं त्याहून वाईट: शेवाळाच्या आधी ते उपद्रवी बारीक शेवाळांना पोसतं.

टाकीत मात्र खत चालतं. फ्लोरिडात ग्रॅसिलारिया या दुसऱ्या लाल शेवाळावर झालेल्या कामात दिसलं की भुकेलेलं शेवाळ काही तासांत पुढच्या एक-दोन आठवड्यांच्या वाढीपुरता नायट्रोजन साठवू शकतं. म्हणून टाकीतल्या रोपवाटिकेत खत सतत न देता आठवड्यातून एक-दोनदा, रात्री द्यावं आणि सकाळी पाणी बदलावं. मोठं शेवाळ साठवून ठेवतं. बारीक उपद्रवी शेवाळाची कोठारं लहान असतात, ते मधल्या दिवसांत उपाशी मरतं. नायट्रोजन आणि फॉस्फरस १० ला १ या मापात पुरे.

फिलिपिन्समध्ये अॅस्कोफायलम या तपकिरी शेवाळाच्या अर्काच्या लिटरला ०.१ ग्रॅम द्रावणात बियाणं अर्धा-एक तास बुडवण्याची रीत आहे आणि तिचा फायदा दिसलेला आहे. पण एवढ्या द्रावणात नायट्रोजन नगण्य असतो. तो फायदा खताचा नाही, अर्कातल्या वाढ चेतवणाऱ्या घटकांचा.

खरं खत हवं असेल तर ते माशांकडून घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपमला कोबिया माशांच्या पिंजऱ्याभोवती १६ तराफे लावून बघितलं. ६० किलो बियाण्यातून ४५ दिवसांत पिंजऱ्याजवळच्या तराफ्यांवर सरासरी ३२० किलो आले, लांबच्या तराफ्यांवर १४४. रोजच्या दरात मांडलं तर ३.८ टक्के विरुद्ध २ टक्क्यांच्या जरा आत. मासे अमोनियम सोडतात, तेही दिवसरात्र थोडंथोडं, म्हणजे शेवाळाला लागतं तसंच. तराफे पिंजऱ्याच्या ओढीखालच्या बाजूला हवेत. वरच्या बाजूला लावले तर माशांना मिळणारं ताजं पाणी अडतं आणि शेवाळालाही काही मिळत नाही.

बिघडतं ते कुठे

फांदीचा मधलाच भाग पांढरा, मऊ पडतो आणि तिथून तुकडा गळतो. याला सगळीकडे आइस-आइस म्हणतात. मुळात हा ताणाचा परिणाम आहे: पाणी ३३ अंशांच्या वर गेलं, क्षारता (हजार भागांत) २०च्या आसपास घसरली किंवा प्रकाश फार कमी झाला की ऊती कमजोर होते आणि मग जिवाणू घुसतात. उपाशी, थांबलेल्या पाण्यातलं शेवाळ आधी बळी पडतं. पांढरा डाग दिसला की त्याच्या दोन्ही बाजूंना पाच सेंटिमीटर निरोगी भाग सोडून कापा, कापलेलं किनाऱ्यावर आणून वाळवा, समुद्रात टाकू नका. निम्म्याहून जास्त दोऱ्यांवर डाग असेल तर वाट न बघता सगळी काढणी करा आणि बियाणं दुसऱ्या जागचं आणा. २०१३-१४च्या सुमारास तमिळनाडूत तापलेल्या पाण्याने मोठी मर झाली होती, तेव्हा एकाच बियाण्यावर अवलंबून असलेला सगळा पट्टा बसला.

अंगावर काट्यासारखे काळे ठिपके आणि त्यातून केस उगवले तर ते दुसरं, बारीक लाल शेवाळ आहे. ते सालीत घुसतं, घासून निघत नाही. असं बियाणं पुढच्या फेरीला वापरू नका, कितीही स्वस्त मिळो. गाळ मात्र हाताने जातो: एक दिवसाआड सकाळी दोऱ्या पाण्यातच झटका. सिगानस जातीचे मासे कोवळी टोकं कुरतडतात; टोकं बोथट आणि रंग चांगला असेल तर भूक नव्हे, मासे.

कोवळी टोकं जुन्या बुंध्यापेक्षा भराभर पोषण घेतात, म्हणून बियाणं नेहमी २५-३० दिवसांच्या जोमदार फांद्यांचं. काढणी करताना आधी बियाणं निवडा, मग बाकीचं वाळवणीला. उलट केलं की बुंधेच बियाण्याला उरतात.

एक विरोधाभास लक्षात ठेवावा लागतो. नायट्रोजन भरपूर मिळालेलं गडद शेवाळ वाढतं छान, पण त्यात कॅराजीनन कमी भरतं. नायट्रोजन आखडला की तयार झालेली साखर कॅराजीननमध्ये जाते. कॅनडातल्या आर्थर नीश यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. व्यापारी वजनावर भाव देत असेल तर गडद मालच बरा. जेलच्या ताकदीवर देत असेल तर शेवटचा आठवडा रंग थोडा उतरला तरी घाबरू नका, आणि पंचेचाळीस दिवसांच्या आत काढू नका.

कोकणात

मंडपमजवळच्या पाल्कच्या उपसागरात भरती-ओहोटीचा फरक एक मीटरच्या आत असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात उधाणाला तो दोन-अडीच मीटर होतो. पोषणासाठी ही चांगली गोष्ट, पाणी आपोआप बदलतं. पण नांगराची दोरी भरतीच्या खोलीच्या तिप्पट लागते, आणि ओहोटीला तराफ्याखाली किमान दीड मीटर पाणी उरलं पाहिजे, नाहीतर शेवाळ तळाला घासून गाळात माखतं.

खाडीच्या तोंडाशी पाण्यात पोषण जास्त असतं आणि तिथेच तराफा लावायचा मोह होतो. पण क्षारता सतत २८च्या वर हवी. ऑक्टोबरात परतीच्या पावसाने खाडीच्या वरच्या थरात गोडं पाणी तरंगतं, खाली खारं असतं. म्हणून रिफ्रॅक्टोमीटरसाठी नमुना पृष्ठभागाचा नको, शेवाळाच्या खोलीवरचा घ्या. अवकाळी पाऊस आलाच तर वाळूच्या पिशव्या बांधून तराफा दोन दिवस एक मीटर खाली बुडवा. हंगाम ऑक्टोबरअखेर ते मे. पावसाळ्यात बियाणं समुद्रात टिकत नाही. ते टाकीत जगवावं लागतं किंवा हंगामाच्या तोंडावर बाहेरून आणावं लागतं. दूरच्या प्रवासात ओल्या पोत्यांत, सावलीत, रात्रीच हलवा, आणि पोचल्यावर पहिल्या आठवड्याची वाढ हिशोबात धरू नका.

प्रवाळाच्या आसपास कप्पाफायकस लावू नका. मन्नारच्या आखातात क्रुसडाई बेटाजवळ ते तुटून प्रवाळावर चढल्याचं दिसलेलं आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आणि सागरी अभयारण्य दोन्ही आहेत. तिथे परवानगीचा प्रश्न आधी, तराफा नंतर. आणि इथलंच, आगर देणारं ग्रॅसिलारिया लावणं जास्त शहाणपणाचं. बादलीचा प्रयोग आणि प्लास्टरच्या वड्या त्यालाही तशाच चालतात. फक्त त्याच्या फांद्या बारीक असल्याने वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो आणि बादलीतलं अमोनियम लवकर संपतं, म्हणून २०० ऐवजी १०० ग्रॅमच टाका.